झाकण उघडल्यावर

जानेवारी २०१०. अमेरिकेतल्या ऑडिओहॉलिक्स या संकेतस्थळाने लेक्सिकॉन कंपनीच्या बीडी-३० या ब्लू-रे प्लेअरचं झाकण उचललं. आत ओपो कंपनीचा बीडीपी-८३ निघाला. एखादा सुटा भाग नव्हे, अख्खा ओपो, स्वतःच्या पत्र्याच्या सांगाड्यासकट. ओपोची किंमत ५०० डॉलर, लेक्सिकॉनची ३५००. मधले ३००० डॉलर बाहेरच्या जाड पेटीचे, दर्शनी पट्टीचे आणि नावाचे.

झाकण उघडण्याआधी या प्लेअरची कौतुकाची परीक्षणं येऊन गेली होती. ती लिहिणारे खोटं बोलत होते, असं मी म्हणणार नाही. ओपो मुळात चांगलंच यंत्र होतं. पण सातपट किमतीने काय वेगळं ऐकू येतं, हे सांगणं परीक्षकाचं काम होतं आणि त्याचं खरं उत्तर ‘काहीही नाही’ असं होतं. ते उत्तर कानाने दिलं नाही, स्क्रूड्रायव्हरने दिलं.

ऑडिओ मासिकांतली परीक्षणं विश्वासाची आहेत का, असं विचारलं की गाडी लगेच पैशांवर येते. जाहिरातदाराच्या यंत्राला कोण नावं ठेवणार? परीक्षकाला तेच यंत्र पुढे सवलतीत मिळतं, महिनोन्‌महिने उसनं वापरायला मिळतं. हे सगळं आहेच आणि प्रत्येक परीक्षणाखाली ते लिहून टाकायला हवं: यंत्र कोणी दिलं, परत गेलं का, विकत घेतलं तर कितीला. तरीही माझी मुख्य तक्रार ही नाही. एक पैसाही न घेणारा, सचोटीचा परीक्षकही चुकतो. कारण ऐकायला बसण्याआधी त्याला नाव आणि किंमत ठाऊक असते.

याचा पुरावा सोळा वर्षं आधीच मिळाला होता, तोही हार्मन या ऑडिओ कंपनीत. लेक्सिकॉन याच हार्मनच्या मालकीची! कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतून तिथे आलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. समोर असताना मोठे, देखणे, महागडे स्पीकर वर गेले आणि लहानखुरा, स्वस्त संच खाली घसरला. पडदा ओढल्यावर तोच स्वस्त संच बऱ्यापैकी गुण मिळवून गेला.

मला त्याहून मोठा धक्का दिला तो दुसऱ्या निष्कर्षाने. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकताना लोकांनी तो फरक पकडला, गुण त्याप्रमाणे हलले. स्पीकर डोळ्यांसमोर आल्यावर त्याच लोकांचे गुण जागा बदलूनही जवळजवळ हलेनात. म्हणजे डोळे उघडे ठेवल्याने नसलेला फरक ऐकू येतो एवढंच नाही. असलेला फरक ऐकू येईनासा होतो. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देणाऱ्या परीक्षकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मासिकांना अशी नावं झाकून चाचणी जमत नाही असंही नाही. अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने जानेवारी १९८७च्या अंकात अ‍ॅम्प्लिफायरांची अशी चाचणी छापली. सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२००० डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत यंत्रं, आवाजाची पातळी काळजीपूर्वक सारखी केलेली, नावं झाकलेली. फरक नक्की ऐकू येतो म्हणणाऱ्यांनाही तो ओळखता आला नाही. उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी आली. जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकाने हे छापलं, त्याबद्दल मला आजही आदर आहे.

पातळी सारखी करण्याला मी फार महत्त्व देतो. दोन यंत्रांत डेसिबलभराचा फरक असला तरी किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो. एका दुकानात महागडा अ‍ॅम्प्लिफायर लावताना विक्रेत्याने बटण हलकेच चढवलेलं मी पाहिलं आहे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने तो घेतला. पहिल्या पगारातून घेत होता, हे त्याच्या बोलण्यातून कळलं. मी तेव्हा गप्प बसलो, याची टोचणी अजून आहे.

आपल्याकडच्या वाचकाला तर छापील शब्दांचाच आधार. मुंबई-पुण्याबाहेर चार स्पीकर शेजारी शेजारी लावून निवांत ऐकू देणारं दुकान सहजासहजी सापडत नाही. त्यात बहुतेक परीक्षणं जॅझ आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या तबकड्यांवर बेतलेली. जवारी काढलेल्या तानपुऱ्याचा झंकार स्पीकरमधून कसा येतो, तबल्याच्या डग्ग्याची मींड गुबगुबीत होते की मोकळी राहते, हे मला कुणी सांगत नाही. सांगितलं तर ते मी पहिलं वाचेन.

तोवर एक व्यवहारी सूचना. ‘स्टिरिओफाइल’मध्ये परीक्षणाला जोडून प्रयोगशाळेतली मोजमापं येतात, जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी ती शिस्त अनेक वर्षं पाळली. आधी ते आलेख पाहा, नंतर वर्णन. परीक्षक ‘उबदार, मखमली’ म्हणतो आणि आलेखात वरच्या पट्टीचा आवाज उतरलेला दिसतो, तेव्हा मखमल म्हणजे नेमकं काय ते कळतं. वर्णन आणि आलेख यांचं भांडण झालं तरी दोन्ही छापतात, हे त्या मासिकाचं मोठेपण. आणि मोजमाप न देता नुसती विशेषणं देणारं परीक्षण प्रवासवर्णन म्हणून वाचा. खरेदीसाठी नको.

याच ‘स्टिरिओफाइल’चे संस्थापक जे. गॉर्डन होल्ट. ‘हाय फिडेलिटी’ मासिकात असताना जाहिरातदारांची मर्जी सांभाळणं त्यांना पटलं नाही, म्हणून १९६२मध्ये त्यांनी स्वतःचं मासिक काढलं. कानाने ऐकून परीक्षण करायचं, ही पद्धत रुजवली ती त्यांनीच. २००७मध्ये, मासिकाला ४५ वर्षं झाली तेव्हा, अ‍ॅटकिन्सन यांच्याशी बोलताना ते स्वच्छ म्हणाले की नावं झाकून चाचणी करण्यासारखे प्रामाणिकपणाचे साधे निकष नाकारल्यामुळे या क्षेत्राने १९८०च्या दशकातच आपली विश्वासार्हता घालवली. मुलाखत त्यांच्याच मासिकाने छापली.

२००९च्या जुलैमध्ये होल्ट वारले. त्यानंतर सहा महिन्यांनी लेक्सिकॉनचं झाकण उघडलं.