मऊ आणि वातड

आमच्या डोंबिवलीच्या घरात बिस्किट सादळणं हा किरकोळ गुन्हा नव्हता. पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नाही, तर दुसऱ्या दिवशी आई एक बिस्किट कानाजवळ धरून मोडायची. ‘कट्’ असा आवाज आला तर ठीक. ते नुसतंच वाकलं, की झाकण शेवटी कुणी लावलं याची चौकशी सुरू. दोषी सापडो न सापडो, बिस्किटं तव्यावर मंद आचेवर पुन्हा शेकली जायची, आणि तरीही सुधारली नाहीत तर खालच्या कुत्र्याचं फावायचं.

हा संस्कार घेऊन मी बोस्टनजवळ लेकीच्या स्वयंपाकघरात उभी होते. ऑक्टोबर महिना, ओट्यावर सफरचंदांचा ढीग. लेक फोनवरून पाककृती वाचत होती. या मसालेदार सफरचंद कुकीज अगदी ‘सॉफ्ट अँड च्युई’ होतात, असं लिहिणारीने मोठ्या प्रौढीने लिहिलं होतं. मी मनात भाषांतर केलं. मऊ आणि वातड. आमच्याकडे हे शब्द पाहुणे तोंडावर काढत नाहीत, घरी परतताना रिक्षात काढतात.

सफरचंदांचा ढीग आदल्या रविवारचा. बोस्टनच्या पश्चिमेला स्टो, बोल्टन अशी गावं आहेत, तिथे बागाच बागा. दारात एक पिशवी विकत घ्यायची. तिला ‘पेक’ म्हणतात, साडेचार किलोच्या आसपास मावतात. मग आपणच झाडाखाली जाऊन ती भरायची. आमचे हे कोकणातले. आंबे उतरवायला गडी शोधण्यात आणि त्याच्या मजुरीवरून घासाघीस करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. “म्हणजे पैसेही आपण द्यायचे आणि तोडायचीही आपणच?” त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांच्या आवाजात धक्क्यापेक्षा कौतुक जास्त होतं. अशी युक्ती आपल्याला चाळीस वर्षांत का सुचली नाही, ही खंत त्यात असावी.

इथे झेला लागत नाही. झाडं बुटकी, फळ हाताशी. नुसतं ओढायचं नाही, तळहातात धरून वर उचलायचं आणि हलकं पिळायचं, की देठ आपसूक सुटतो. नातीने मला हे दोनदा करून दाखवलं, आजीला जग नवीन आहे अशा सुरात. सफरचंदाच्या बाबतीत ते खरंच होतं. माझ्या लहानपणी घरात सफरचंद आलं म्हणजे कुणीतरी आजारी होतं. ते चार फोडींत यायचं, तीन रुग्णाला आणि एक बाकीच्यांत वाटून. झाडावरून तोडून, पुसून, अख्खं चावायचं म्हणजे मला उगाचच आपली तब्येत बरी नाहीये असं वाटायला लागलं.

त्या बागेत ‘मॅकिन्टॉश’ नावाची एक जात होती. 1811 मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत त्या आडनावाच्या शेतकऱ्याला रान साफ करताना काही रोपं सापडली. त्यातल्या एकाची ही सगळी संतती, आणि तीही बी पेरून नव्हे, कलमं बांधून. सफरचंदाचं बी पेरलं तर पोर आईवर जात नाही. हापूसची कोय पेरून हापूस मिळेल याचा भरवसा नसतो, तसंच. हे ऐकल्यावर यांना ती झाडं एकदम आपल्यातली वाटायला लागली आणि ते खोडावर कलमाचा सांधा कुठे दिसतो ते वाकून वाकून बघू लागले. जावई दिवसभर ज्या मॅकवर काम करतो त्याचं नावही याच सफरचंदावरून आलं, हे कळल्यावर मात्र ते म्हणाले, “तरीच ते सारखं गरम होतं, आजाऱ्याचं फळ आहे.”

मॅकिन्टॉश खायला छान, पण शिजलं की त्याचा लगदा होतो. म्हणून कुकीजसाठी लेकीने कॉर्टलंड घेतलं. तेही मॅकिन्टॉशचंच लेकरू. चिरून ठेवलं तरी पटकन काळं पडत नाही, हा त्याचा गुण माझ्यासारख्या निवांत चिरणारीला सोयीचा.

आता मसाला. दालचिनी दीड चमचा, जायफळ अर्धा, लवंगपूड चिमटीभर. लेकीने तो डबा उघडला, खोल श्वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, “आहाहा, फॉल!” मीही श्वास घेतला. मला मसालेभात आला. मंगल कार्यालय आलं, पंगत आली, वाढप्याची बादली आली. दालचिनी ही आमच्याकडे तिखटामिठाची बाई. गोडा मसाला, मसालेभात, फार तर एखादी आमटी. गोडाच्या दालनात वेलची आणि जायफळ बसतात. लवंगेला नारळीभातापुरतं आत येऊ देतात, तेही जेवताना दाताखाली येऊन ती सगळ्यांना आठवण करून देते. दालचिनी साखरेच्या शेजारी बसलेली मी प्रथमच इतक्या जवळून बघत होते. वाईट दिसत नव्हती. फक्त ओळख करून द्यावी लागली.

आणि हा ‘फॉल’ही मला पंचांगात बसवता येत नव्हता. महिना आश्विन, म्हणजे ऋतू शरद. आपल्याकडे शरदात आकाश निवळतं, दुपारी ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजतं, कोजागरीला दूध आटतं. पानगळ ही शिशिरातली गोष्ट. इथे खिडकीबाहेर मेपल भर आश्विनात लालभडक होऊन पानं टाकत होता. कॅलेंडर एक सांगत होतं, अंगण दुसरं.

कृती सोपी होती. एक स्टिक बटर, म्हणजे 113 ग्रॅम. कपभर ब्राऊन शुगर, एक अंडं, दोन कप मैदा, चमचाभर सोडा, मीठ, आणि कपभर बारीक चिरलेलं सफरचंद. आमचे हे अंडं खात नाहीत, पण केकमधलं चालतं. हा नियम कुठल्या ग्रंथात आहे मला माहीत नाही, मात्र बहुतेक घरांत तो तोंडपाठ असतो. कुकी ही केकच्याच घराण्यातली, असं मी त्यांना सांगून टाकलं.

खरा प्रश्न मऊपणाचा. आपल्या नानकटाईत पाणी नाही, अंडं नाही. तूप, साखर, मैदा, थोडं बेसन, म्हणून ती खुसखुशीत होऊन जिभेवर विरघळते. दिवाळीआधी आम्ही मैदा-साखर-डालडा डब्यांतून घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायचो. ट्रेवर नावाची चिठ्ठी असायची, आणि आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या ट्रेवर तर गेली नाही ना, म्हणून आई भट्टीच्या तोंडाशी घामाघूम होऊन उभी राहायची. या कुकीत मात्र सगळे ओलेच पाहुणे. अंडं ओलं, सफरचंद ओलं, आणि ब्राऊन शुगर म्हणजे साखरेत मिसळलेली मळी, आपल्या कारखान्यातल्या मळीची सभ्य बहीण. ती हवेतली ओल धरून ठेवते, श्रावणात गुळाला पाणी सुटतं तशी.

पहिला ट्रे आत गेला. 350 फॅरनहाइट, अकरा मिनिटं. लेक कामाच्या फोनवर होती, घंटी वाजली, मी दार उघडलं. कडा तांबूस, पण मध्ये बोट लावलं तर खड्डा पडतोय. कच्चट! कुठल्या आईने असं कच्चं लेकरांना द्यायचं? मी दार लावलं आणि आणखी आठ मिनिटं दिली. छान बदामी रंग आला, टणक झाल्या. नात आली, एक उचलली, चावली आणि अतिशय सौम्यपणे म्हणाली, “आजी, ह्या तुटतायत.”

“मग बिस्किटाने काय करायचं असतं?”

लेकीने मग समजावलं. मध्ये कच्ची दिसते तेव्हाच काढायची. गरम ट्रेवर ती बसल्या बसल्या शिजते. पाच मिनिटं हात लावायचा नाही. दुसऱ्या ट्रेला मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. पाच मिनिटांनी उलथन्याने उचलली, तर ती मध्ये किंचित वाकली. वाकली, पण तुटली नाही. खाल्ली. बाहेरून कडक कड, आत सफरचंदाचा ओलसर तुकडा, मागून लवंगेचा चटका. गरम होती तोवर मला ती शिऱ्याची धाकटी बहीण वाटली. चांगली होती, खोटं कशाला बोलू. चहात बुडवल्यावर मात्र क्षणात ढासळली आणि तळाशी जाऊन बसली. आधीच ओल्या माणसाला आंघोळ घालू नये. चमच्याने काढून खाल्ली.

रात्री डबा भरायची वेळ आली. मी सवयीने झाकणाखाली घालायला कागद शोधत होते. लेकीने ब्रेडचा एक स्लाइस घेतला आणि कुकीजवर ठेवून झाकण लावलं.

“हा कशाला?”

“मऊ राहाव्यात म्हणून. ब्रेडची ओल कुकीज घेतात.”

मी काही बोलले नाही. आई वर कुठे असेल तिथे तिने कपाळाला हात लावला असेल. जन्मभर ओल बाहेर ठेवायला जिने डबे घासूनपुसून उन्हात वाळवले, तिची नात डब्यात मुद्दाम ओल कोंडत होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. कुकीज तशाच मऊ. स्लाइस मात्र पार वाळला होता, कडा वर वळलेल्या, अंगाला दालचिनीचा वास. लेक म्हणाली, “टाक तो आता.” मी तो कानाजवळ धरून मोडला.

कट्.

मी चहाचं आधण ठेवलं. यांनी आतल्या खोलीतून विचारलं, “काय मोडलं गं?” आणि उत्तराची वाट न बघता आपला कप घेऊन आले.