स्पीकरला गवसणी

'हिज मास्टर्स व्हॉइस'वाल्यांनी आपल्या तबकडीवर कुत्रा छापला, यामागे पूर्ण विचार होता याची मला खात्री आहे. फ्रान्सिस बरो यांच्या चित्रातला निपर मान तिरकी करून कर्ण्यासमोर मुकाट बसून राहतो. त्या जागी मांजर असतं तर ते कर्ण्यात शिरून झोपलं असतं, आणि मास्टर कोण याचाही निकाल लागला असता. आमच्या मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी टिपू नावाच्या कुत्र्याला स्वर लावायला शिकवलं होतं. मांजराच्या वाटेला मात्र ते गेल्याचं ऐकिवात नाही. थोर गवयाला आपली मर्यादा कळते.

माझं सासर साताऱ्यात, माहेर सांगलीत. दोन्हीकडे गाणं ऐकायचं वेड आहे आणि दोन्हीकडे मांजर आहे.

साताऱ्याचा बोका उबेला हपापलेला. पावसाळ्यात अजिंक्यतारा दिवसचे दिवस ढगात बुडालेला असतो, गोधड्यांना कुबट वास येतो आणि घरात कोरडी, गरम अशी एकच जागा उरते: ह्यांचा अॅम्प्लिफायर. आतली उष्णता बाहेर जावी म्हणून त्याच्या डोक्यावर फटी ठेवलेल्या असतात. बोका बरोबर त्याच फटींवर पोट टेकतो. मांजराला तिशीच्या पुढचं तापमान मानवतं, म्हणजे आपण पंखा लावतो तिथे त्याला कुठे बरं वाटू लागतं. खाली यंत्र तापतं, वर बोका सुखावतो, केस आत गळतात आणि ऐन विलंबितात अॅम्प्लिफायर स्वतःच्या जिवाच्या भीतीने बंद पडतो. ह्यांचं म्हणणं, बोक्याला मारवा कळतो. मारवा लांबला की यंत्र जास्त तापतं, एवढंच त्याला कळतं.

सांगलीच्या मनीला उबेचं काय कौतुक? तिथे एप्रिलात फरशीसुद्धा अंग भाजते. तिला हवी असते नखं घासायला खरखरीत जागा, आणि बाबांच्या स्पीकरवरचं कापड ते काम उत्तम करतं. कापडामागे कागदी पडदा आहे, त्याला एक नख पुरतं. रेकॉर्ड प्लेअरचं दुखणं वेगळं. सुई तबकडीवर दीड-दोन ग्रॅमच्या भाराने चालते. त्या हळूहळू सरकणाऱ्या दांडीवर झेप घेणारी मनी काही किलोंची आहे. शिवाय आपले कान 20 हजार हर्ट्झवर थकतात, तिचे 60 हजारांच्या पुढेही जातात. बाबांच्या महागड्या स्पीकरमधून जे येतच नाही, तेही तिला ऐकू आलं असतं. तिचा तिरस्कार मी समजू शकते.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नाही. शेजारच्या काकूंनी यंत्रामागे डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या. हे मात्र चुकूनही करू नका, त्या मांजराला विषारी असतात. बाबांनी सांगलीला शोभेल असा मार्ग काढला: मार्केट यार्डातून हळदीचं रिकामं पोतं आणून खांबाला गुंडाळलं. मनीला ते इतकं आवडलं की पांढरी मनी संध्याकाळपर्यंत हळद लागलेल्या नवरीसारखी झाली आणि तशीच जाऊन स्पीकरवर बसली. आई म्हणाली, "आता अक्षता तेवढ्या राहिल्या." मग पोतं धुतलं. तेव्हापासून स्पीकरला नख लागलेलं नाही, हे बाबांच्या बाजूने सांगायला हवं.

खरा तोडगा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सापडला. तिथले एक कारागीर माझी रड ऐकून हसले. "ताई, तंबोऱ्याला गवसणी असते, मग तुमच्या खोक्यालाच का नको?" आता दोन्ही घरच्या स्पीकरला जाड कापडाच्या, दोरीने आवळायच्या गवसण्या आहेत. पाहुण्यांना वाटतं आत सतार आहे, आणि आम्ही तो गैरसमज मोडत नाही.

अॅम्प्लिफायरला मात्र गवसणी गार झाल्यावरच घाला. चालू यंत्रावर कापड म्हणजे दुसरा बोकाच. शेजारी स्टुलावर गोधडीत गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवलीत तर पहिला बोका आपणहून तिकडे सरकतो. आणि मागच्या वायरी आजच केसिंग पट्टीत घालून घ्या. स्पीकरची वायर कुरतडली तर गाणं थांबेल, पण तिच्या शेजारीच 230 व्होल्टची वायर असते.