गोडाऊनची बाजू

लंडन

ती. दादा व सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पोरांचं इंग्रजी गावठी आहे, तिथलं शुद्ध इंग्रजी लिहून पाठव, असं तुम्ही म्हणता. माझ्या मते पोरांचं काही चुकत नाही. गोडाऊनच घ्या. वडप्याला नाशिक हायवेलगत जिकडे बघाल तिकडे गोडाऊनं, आणि मास्तर म्हणणार, ‘वेअरहाऊस’ म्हणा! पण यूल आणि बर्नेल या दोन साहेबांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश १८८६ साली निघाला, त्यात गोडाऊन आहे. साहेबानेच वापरून मागे टाकलेला शब्द आपण सांभाळला, तर आपणच अडाणी! ‘प्रीपोन’चंही तेच. मीटिंग पुढे ढकलायला शब्द आहे, मग अलीकडे घ्यायला नको? आता तो ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. ‘कझिन ब्रदर’ला लोक हसतात, पण नुसत्या ‘कझिन’वरून चुलत, मामे, आते की मावस, एवढंच काय, बाई की बाप्या, हेही कळत नाही. अशाने लग्नाच्या पत्रिका वाटायच्या कशा?

बरं, या साहेबांचं स्वतःचं इंग्रजी तरी धड आहे का? इंग्रज ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर बहुधा ‘चालतंय’. अमेरिकन म्हणाला तर शाबासकी. ठराव ‘टेबल’ करणं म्हणजे इंग्लंडात चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचं चांगलंच वाजलं, असं खुद्द चर्चिलने लिहून ठेवलंय. आणि वहिनी, इथे कुणी ‘यू ऑल राइट?’ म्हटलं तर गुडघ्याचं सांगायला बसू नका. विचारणारा तोवर कोपऱ्यावरून वळलेला असतो.

तुम्ही म्हणाल, आयईएलटीएसचा परीक्षक हे ऐकून घेईल का? नाही घेणार. त्याच्यापुढे वेअरहाऊस म्हणावं, मार्क घ्यावेत आणि घरी येऊन खुशाल गोडाऊन म्हणावं. समोरच्याला भलतंच कळेल, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’ म्हटलं की इथला माणूस रेल्वे स्टेशन शोधू लागेल. त्याहून वाईट ‘पास्ड आउट’. आपण लिहितो पदवी मिळाली म्हणून. इथला साहेब वाचतो, उमेदवार कॉलेजात बेशुद्ध पडला! तेव्हा तेवढं ‘ग्रॅज्युएटेड’ करून घ्या, आणि बायोडेटा कुठे धाडण्याआधी पोरांना तो एकदा माझ्याकडे पाठवायला सांगा. बाकीच्याला हात लावू नका.

लहानांस आशीर्वाद.

आपला धाकटा