रिकामा शनिवार

माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी त्यांच्याच शेजारी, गुरुवारी एका वैद्यांच्या घरी, असं पानं मांडत त्यांनी बी. ए. पुरं केलं. घरं मात्र सहाच मिळाली होती. पुढे ते जन्मभर शनिवारचा उपास करायचे. मारुतीवर फार भक्ती, असं आम्ही समजत होतो.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या कन्येचं एमबीए. दोन वर्षांची फी सोळा लाख. तिने आकडा सांगितला तेव्हा मी चहात साखर दुसऱ्यांदा घातली.

बँकेत गेलो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे ऐकून बरं वाटलं; त्यावर लागतं, हे ऐकून फ्लॅटची कागदपत्रं कुठल्या ट्रंकेत आहेत ते आठवू लागलो. पण नामांकित संस्थांची बँकेकडे वेगळी यादी असते. त्या यादीतल्या मुलांना बऱ्याच मोठ्या रकमेलाही तारण मागत नाहीत. अहमदाबादचं आयआयएम १९६१ सालचं. तिथे प्रवेश मिळाला की ते नावच तारण. आमची संस्था यादीच्या जरा खालच्या अंगाला होती. मी फ्लॅटकडे परत आलो.

साहेब चांगले होते. ते म्हणाले, “काका, शिकेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही.” मी खूश. “व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू.” कर्जालाही ही रीत ठाऊक असते: मुलगी अभ्यास करते आणि ते बसल्या जागी वाढतं. दहा टक्के धरले तरी सोळा लाखांवर वर्षाचे १,६०,००० होतात. फेडायला पंधरा वर्षं. माझं वय छप्पन्न. दोन, एक आणि पंधरा मिळवले तर चौऱ्याहत्तर. फॉर्मवर माझं नाव ‘सहकर्जदार’ म्हणून होतं. लग्नपत्रिकेत आपण निमंत्रक असतो तितकाच मान, फक्त इथे आहेर आपल्यालाच करायचा.

कर खात्यानेही थोडी माया दाखवली आहे. कलम ८०ई खाली अशा कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षं. मात्र जुन्या करपद्धतीत. मी गेल्याच वर्षी मोठ्या हुशारीने नवी पद्धत घेतली होती.

कर्ज काढून शिकण्यात कमीपणा नाही, हे मला पटतं. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी काढला, तो कर्जाचाच. परत आलेल्या पैशातून पुढचा कुणी शिकावा असा हिशेब. वाराच्या जेवणात ही सोय नव्हती. वकिलीणबाईंचं वरण कसं फेडणार? वडील त्यांच्या नातवांच्या मुंजीलासुद्धा आधी जाऊन पाटरांगोळ्या करत. आम्हाला वाटायचं, लांबचं नातं असेल.

रात्री पोरीने लॅपटॉपवर तक्ता मांडला. बँकेचं कर्ज. हिंजवडीतल्या दोन वर्षांच्या नोकरीतली तिची शिल्लक. माझ्या पीएफमधली उचल. आईची एफडी. आत्याची भिशी, “व्याज नको, पण पहिल्या पगाराची साडी हवी” या अटीवर. मामाने वसतिगृहाचं भाडं अंगावर घेतलं होतं. प्रत्येकापुढे रक्कम, तारीख आणि परतफेडीचा रकाना. आत्याच्या रकान्यात खरोखरच ‘पैठणी?’ असं लिहिलं होतं. प्रश्नचिन्ह बजेटचं असावं.

मी चष्मा पुसून ओळी मोजल्या. सहा भरलेल्या, सातवी कोरी.

“ही कुणाची गं?”

“शिष्यवृत्तीची धरलीय, बाबा. अजून काही कळलेलं नाही.”

आतून बायको म्हणाली, “पानं वाढलीत. आधी जेवून घ्या.”