थोरली पाती, धाकटी पाती आणि मधला भाडेकरू

सदाशिव पेठेत वाटणी झालेल्या वाड्यात जागा भाड्यानं घ्यायला गेलं, की मालक पहिल्याच भेटीत सांगतात, "कागदपत्रं अगदी क्लिअर आहेत आमची." यावर विश्वास ठेवावा. कागदपत्रं खरोखरच क्लिअर असतात. आपण बघायला आलेली जागा तेवढी त्यांत नसते.

वाटणी तोंडी झालेली असते. थोरल्यांना दर्शनी भाग आणि माडी, धाकट्यांना परस, विहीर आणि गोठा. मधले अमेरिकेत गेले, त्यांना हक्क. हक्क म्हणजे कुलूप लावलेली एक खोली. पुढं धाकट्यांनी गोठ्यावर मजला चढवला, संडास आत घेतला आणि त्या सगळ्याला 'वन बीएचके, शांत परिसर' म्हणायला सुरुवात केली. उत्तरादाखल थोरल्यांनी चौकात भिंत घातली. तिकडं देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंच्या गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोनशेहून अधिक वर्षं नांदल्या. 1948 साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाल्या आणि प्रश्न मिटला. पेठेतल्या पात्या विलीन करून घ्यायला सरदार पटेल येत नाहीत. बिल्डर येतो, आणि तो आधी सगळ्यांच्या सह्या मागतो.

आता पत्ता. घरांक महापालिकेचा, सिटी सर्व्हे नंबर भूमापन खात्याचा, आणि दोघांची एकमेकांशी तोंडओळखही नाही. प्रॉपर्टी कार्ड जमिनीचा तुकडा ओळखतं. त्यावरचा जिना, पोटमाळा किंवा गोठ्यावरचा वन बीएचके ओळखणं त्याचं काम नाही. धारकाच्या रकान्यात पणजोबांचं नाव आणि त्यापुढं 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. पणजोबा गेले, कुटुंब एकत्र राहिलं नाही, मॅनेज तर कुणी काहीच केलं नाही. नोंद मात्र ठणठणीत आहे. वीजबिल आजोबांच्या नावानं येतं. मिळकतकराचं बिल थोरल्यांच्या नावानं. भाडं धाकट्यांना, पण त्यांच्या सौभाग्यवतींच्या खात्यात. या सगळ्यात वाद नसलेला आकडा एकच, 411030 हा पिनकोड.

वाटणीचा कागद मागून बघा. "पानशेतात गेला." 12 जुलै 1961 रोजी धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांचा चिखल झाला, हे खरंच आहे. पण ज्या वाड्यांच्या पायरीलाही पाणी शिवलं नाही, त्यांचे कागदही नेमके त्याच दिवशी वाहून गेले. 1975 साली केलेलं वाटणीपत्र पानशेतात गेल्याचंही मी ऐकलेलं आहे.

बाहेरच्या माणसाला हा गबाळेपणा वाटतो. छे! पिढ्यानपिढ्या जपलेली शिस्त आहे ही. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. 1970 पासूनची ही सवलत सरकारनं मध्यंतरी काढून घेतली, शहरानं आरडाओरडा केला, तेव्हा 2023 साली ती परत मिळाली. एवढ्या झुंजीनं मिळवलेली गोष्ट एका भाडेकरूच्या अस्तित्वापायी घालवायची? म्हणून कागदोपत्री वाड्यात सगळे स्वतःच राहतात. अमेरिकेतले मधलेही राहतात. शिवाय समोरच्या दोन खोल्यांत 1947 च्या भाडे कायद्याच्या आडोशानं एक बिऱ्हाड तीन पिढ्या टिकून आहे आणि महिन्याला जे भाडं देतं त्यात आज दोन अमृततुल्य चहा येणार नाहीत. ते बिऱ्हाड रोज डोळ्यांसमोर असल्यावर नव्या माणसाचं नाव कुठल्याही वहीत चढवायला कोण धजावेल? उद्या वाडा पाडायचा झाला तर त्यालाही फ्लॅट द्यावा लागला तर? थोडक्यात, पत्ता संदिग्ध राहण्यात प्रत्येकाचं भलं आहे. स्पष्ट पत्ता लागतो तो फक्त भाडेकरूला, आणि त्याला मतच नाही.

कायद्याला यातलं काही माहीत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं 55 वं कलम सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं, खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. हे वाचून भाडेकरूच्या डोळ्यांत पाणी येतं. पेठेत आपलं काही खरं धरलं जाईल, ही कल्पनाच त्याला झेपत नाही. आणि मुदत म्हणाल तर 11 महिने. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, म्हणून ही मुदत रूढ झाली. इथं आता 11 महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो, पण अकराचा आकडा सोवळ्यातल्यासारखा पाळला जातो.

मग एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. "मजला?" तो विचारतो. धाकटे म्हणतात, "गोठ्याच्या वर." तसा पर्याय यंत्रात नसतो. एजंट पहिला मजला निवडतो. वाड्यातला पहिला मजला म्हणजे थोरल्यांची माडी. अशा रीतीनं भाडेकरू कायद्यानं थोरल्यांच्या दिवाणखान्यात आणि प्रत्यक्षात धाकट्यांच्या गोठ्यावर राहू लागतो. पोलीस पडताळणीला आलेला शिपाई थोरल्यांची कडी वाजवतो. "इथं कुणी राहत नाही, आम्हीच राहतो," असं उत्तर मिळतं. करसवलतीच्या दृष्टीनं ते योग्य, पडताळणीच्या दृष्टीनं नाही. खालच्या पानवाल्याला मात्र सगळं ठाऊक असतं. कुरिअर, गॅस आणि शिपाई यांना तोच बोळातून मागच्या दाराला लावून देतो. त्याची टपरी कुठल्या नंबरात आहे हे कुणी विचारत नाही.

असे 11 महिने सरतात. भाडेकरू सामान बांधतो आणि धाकट्यांपुढं डिपॉझिटचा विषय काढतो. वर्षभर ज्यांनी चौकातल्या भिंतीपलीकडे पाहिलंही नाही, ते धाकटे चष्मा काढतात, पुसतात आणि गंभीर होऊन सांगतात, "द्यायला माझी ना नाही हो. पण एकत्र कुटुंब आहे आमचं. दादांना विचारावं लागेल."