मर्ज न होता पास व्हा!

अभिनंदन! गूगलच्या समर ऑफ कोडमध्ये तुमची निवड झाली आणि आईने शेजारच्या काकूंना ‘गूगलमध्ये लागला’ असं सांगूनही टाकलं. (पैसे गूगलचे, काम भलत्याच प्रकल्पाचं, पण काकूंना एवढ्या खोलात नेऊ नका.) २००५ पासून हा उपक्रम चालू आहे. साधारण १२ आठवड्यांत एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला काहीतरी करून द्यायचं. काय द्यायचं, या चिंतेने नवखी मुलं उगाच वाळतात. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. पाया निवडीआधीच घाला. रीडमी फाइल उघडा, स्पेलिंगच्या चुका शोधा. एका ओळीत तीन सापडल्या तर पुल रिक्वेस्टही तीन करा. पुल रिक्वेस्टच्या बदल्यात टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये २०२० साली लोकांनी ही कला इतकी वाढवली की भर ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने ‘आम्हाला चालेल’ म्हटलंय, तिथलीच पुल रिक्वेस्ट मोजायची. कलावंतांची कदर नाही, दुसरं काय.

२. प्रपोजलमध्ये तक्ता हवाच. दहा आठवडे कोड, अकराव्यात टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन, बाराव्यात ‘बफर’. हा तक्ता अनुभवसिद्ध आहे. काम कितीही मागे पडलं तरी टेस्ट अकराव्या आठवड्यातून हलत नाहीत. फक्त तो आठवडा येत नाही.

३. मे महिन्यात प्रकल्पाशी ओळख करून घ्यायला काही आठवडे मिळतात. तेव्हाच आपली सेमिस्टर असते, त्यामुळे ओळख बेताने वाढवा. मेंटॉरला ‘हॅलो सर’ एवढंच लिहून थांबा. (सर बहुधा बाई निघतात. हरकत नाही, पुढच्या मेसेजलाही ‘सर’च म्हणा.) त्यांचं ‘हाय’ आलं की ‘एक डाउट आहे’ असं पाठवून झोपा. कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे; ‘कोणता?’ हे उत्तर येईल तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असाल. डाउट नीट वापरला तर आठवडाभर पुरतो.

४. आता कोड. दर आठवड्याला छोटासा बदल पाठवावा, सोबत त्याची टेस्ट असावी, असं काही भोळे मेंटॉर म्हणतात. ही माणसं नोकरी सांभाळून रात्री तुमचा कोड वाचतात. त्यांना किती त्रास द्यायचा? सगळं साठवून शेवटच्या शनिवारी एकदम द्या. पाठवण्याआधी अख्ख्या प्रकल्पावर फॉरमॅटर फिरवा, म्हणजे तुमच्या नऊ ओळी दोनशे फायलींत अशा विरघळतील की शोधणाऱ्याने शोधतच राहावं. सीआय लाल झालं तर ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ म्हणा. कोड एआयकडून लिहून घेतला असेल आणि मेंटॉरने ‘हे असं का?’ विचारलं, तर प्रश्न जसाच्या तसा एआयला विचारा आणि उत्तर जसंच्या तसं चिकटवा. सुरुवातीचं ‘उत्तम प्रश्न!’ तेवढं खोडा.

५. साप्ताहिक अहवाल: ‘कोडबेस समजून घेतला.’ पुढच्या आठवड्यात: ‘अधिक खोलवर समजून घेतला.’

६. शेवटी एक लिंक द्यावी लागते. तिथे काय केलं, काम कुठवर आलं, काय मर्ज झालं आणि काय उरलं, हे लिहायचं असतं. ‘काय केलं’खाली शिकलेल्या गोष्टी टाका: गिट, संयम, टीमवर्क. ‘मर्ज’खाली रीडमीची ती तीन स्पेलिंगं. ‘उरलेलं काम’ मात्र मनापासून, मुद्देसूद लिहा आणि खाली ‘कार्यक्रम संपल्यावरही मी प्रकल्पात योगदान देत राहीन’ हे वाक्य घाला. मेंटॉर हळवे होतात. मानधन जमा झालं की ग्रुप म्यूट करा.

नमुना हवा असेल तर तुमच्याच प्रकल्पातल्या गेल्या वर्षीच्या मुलाचं पान उघडा. त्याच्या ‘उरलेल्या कामा’त सहा मुद्दे आहेत. यंदाचं तुमचं प्रपोजल त्यातल्याच पहिल्या पाचांचं आहे.