माळ्यावरची माती

पानिपतावरून जिवंत परतलेल्या सरदार विठ्ठल शिवदेवांची जहागीर ज्या गावी होती, त्या विंचुरात जन्म घेतल्यामुळे आपणही कोणत्याही संकटातून सहीसलामत बाहेर पडू, असा जो एक निराधार आत्मविश्वास माझ्या ठायी वसत होता, तो गेल्या वैशाखात घराच्या माळ्यावरची माती काढविण्याच्या प्रसंगी कायमचा नष्ट झाला.

आमचे घर मुळात धाब्याचे. सागवानी तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच, त्यावर वाळवी लागू नये म्हणून निंबाचा पाला आणि त्यावर पांढरीची माती. आजोबा दर साल मृगापूर्वी तीवर आणखी काही पाट्या माती टाकून चोपून घेत. पावसाळा थोडी वाहून नेई, परंतु आजोबांची भरती पावसाच्या वसुलीपेक्षा सदैव अधिक असल्यामुळे थर वाढतच गेला. पुढे वडिलांनी वर पत्रे चढविले, पण खालची माती तशीच राहू दिली, आणि ते उचितच होते. कारण राज्यातल्या नीचांकाशी वारंवार सलगी करणारी निफाड तालुक्यातली थंडी आणि पत्र्यातून उतरणारे वैशाखातले ऊन, या दोन्ही उपद्रवांना त्या फूटभर मातीने घरात शिरण्याचा मज्जाव केला होता.

मधली तुळई वाकली नसती तर मीही त्या मातीच्या वाटेला गेलो नसतो. एका जाणकाराने हिशेब मांडला: सहाशे चौरस फुटांवर फूटभर माती, म्हणजे सहा ब्रास, म्हणजे अदमासे पंचवीस टन. टन ही संज्ञा मला अपरिचित. परंतु अडीचशे क्विंटल म्हणताच विंचूरच्या कांदा बाजारात रांगेने उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांतल्या निदान आठ-दहा भरलेल्या ट्रॉल्या डोक्यावर घेऊन आमच्या तीन पिढ्या स्वस्थ घोरत होत्या, या जाणिवेने त्या रात्री मी अंगणात निजलो.

ठेकेदाराने ब्रासला चार हजार सातशे दर सांगितला; माती माळ्यावरून खाली उतरविणे, ट्रॉली भरणे व वाहणे सर्व त्यात अंतर्भूत. सहा ब्रासचे अठ्ठावीस हजार दोनशे मी मनात काढून ठेवले. चार दिवस घरात धुळीचा असा अंमल होता, की आमच्या सौभाग्यवतींनी केलेल्या पिठल्यात बेसन किती आणि पूर्वजांची माती किती, याचा निवाडा करणे दुरापास्त झाले. मातीतून उंदरांनी साठविलेल्या चिंध्या, एक गंजलेले कुलूप आणि पंचम जॉर्जचा एक पैसा, एवढा ऐवज निघाला. तो मी रीतसर जमेस धरला.

अखेरीस ठेकेदार आला आणि म्हणाला, "काका, आठ ट्रॉल्या झाल्या. आठ ब्रास. सदतीस हजार सहाशे."

"अहो, पण माळ्यावर तर सहाच होती!"

"बसलेली होती ना ती. खणली की माती फुगते."

मी शाळेत चाळीस वर्षे गणित शिकविले. चोपून बसविलेली माती मोकळी केली असता तिचे आकारमान चतुर्थांशाने, प्रसंगी तृतीयांशानेही वाढते, हे शास्त्रतः निर्विवाद असल्यामुळे माझी मोठी कुचंबणा झाली. लबाडीशी वाद घालता येतो, सत्याशी काय घालणार? करारात माती बसलेली मोजायची की फुगलेली, हा तपशील लिहून घ्यायचा राहिला होता. आजोबांनी पन्नास वर्षे माती चोपली, तिचे श्रममूल्य वजा करावे, असे मी क्षीण स्वरात सुचविले. ती दरख्वास्त नामंजूर झाली.

पैसे चुकते केले. दुपारी पत्रा तापू लागला, आणि पंख्याने तीच हवा आम्हांला पुनःपुन्हा वाढली.

पंधरा दिवसांनी पुतण्या तणतणत आला. त्याच्या नव्या बंगल्याच्या जोत्यात भरावासाठी एका ठेकेदाराकडून उत्तम पांढरी माती त्याने आठ ट्रॉल्या रोख मोजून घेतली होती.

"काका, पाणी मारून धुम्मस केली, तर सहाच ब्रास भरली! दोन ब्रास गेली कुठे?"

मी त्याला बसवून पाणी दिले. वस्तुतः संपूर्ण सिद्धांत मला मुखोद्गत होता. परंतु तो विकत घेण्यास मला किती पडले, हे त्याच्या काकूला अद्याप ठाऊक नव्हते आणि ती दारातच उभी होती. तेव्हा मी फळीवरून पंचम जॉर्जचा पैसा काढला आणि "मातीबरोबर हाही तुझाच," असे म्हणून त्याच्या हातावर ठेवला.